पारडाचे पहिले तीन महिने

पशुपोषणात एम.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) करायला घेतलं तेव्हा मांस उत्पादन म्हणजे माझ्या लेखी शेवटचे शंभर दिवस होते. मका, पेंड, क्षार मिश्रण घालायचं आणि रोजची वजनवाढ मोजायची. मार्गदर्शकांनी विषय दिला पारडांच्या, म्हणजे म्हशीच्या पिल्लांच्या, चिकाचा आणि दुधाचा. आठवडाभर मी तोंड पाडून फिरत होतो.

नवीन मुलांचा पहिला गोंधळ पुस्तकातून होतो. परदेशी पुस्तकात ‘बीफ’ म्हणजे गोऱ्हे. आपल्याकडे गाईच्या कत्तलीला आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले. म्हैसवर्ग त्यात येत नाही. त्यामुळे खान्देशात हा अभ्यास होतो तो रेड्यांवर, म्हणजे ज्याला घरात कोणी धड नावानं हाकही मारत नाही त्या जनावरावर.

माझी गावं चोपडा-अमळनेर पट्ट्यातली. पहिल्याच रात्री एका म्हातारीनं मला थांबवलं, “जार पडू दे, मंग चीक पाज.” जार म्हणजे वार; ती पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही, ही समजूत घरोघरी आहे. गाई-म्हशींत रोगप्रतिकारक घटक गर्भात वारेतून येत नाहीत, ते चिकातूनच मिळतात. ते शोषून घेण्याची आतड्याची ताकद तासागणिक घटते आणि साधारण २४ तासांत संपते. जार पडायला मात्र सहा-आठ तास सहज जातात. ३० किलोच्या पारडाला पहिल्या दिवशी ३ लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. वाद घालून काही झालं नाही. मी म्हातारीच्याच हातात बाटली दिली, मग तिनं पाजला. खरवसापुरता चीक तिनं आधीच बाजूला काढला होता, ते मी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

पुढचा अडथळा दुधाचा. “दूध ते डेअरीमा जास भो, याले काय पाजू?” यावर माझ्याकडे आजही चोख उत्तर नाही. पण नुकसान कुठे होतं ते सांगता येतं. स्नायूंच्या तंतूंची संख्या जन्माआधीच जवळजवळ ठरते, नंतर ते फक्त जाड होतात. मांसातल्या चरबीच्या नव्या पेशी मुख्यत्वे पहिल्या आठ-नऊ महिन्यांत तयार होतात, असं परदेशी गोवंशावरचे अभ्यास मांडतात. मोठ्या जनावराची उन्हाळ्यात उपासमार झाली तर पावसाळ्यात ते बरंचसं भरून काढतं. दूधपित्या वयातली झीज तशी भरत नाही. ऑस्ट्रेलियात वासरांवर झालेल्या कामात दूध तुटेपर्यंत खुरटलेली वासरं ३० महिन्यांची झाल्यावरही हलकीच राहिली. मांसाच्या प्रतीत मात्र फारसा फरक पडला नाही, हेही लक्षात ठेवा. तोंडी परीक्षेत हमखास विचारतात.

आता माझी चूक. पारडांच्या पहिल्या खुराकात मी सरकीची ढेप घातली. आपल्या भागात सर्वात हाताशी तीच. सरांनी लाल पेनानं पूर्ण ओळ खोडली. ढेपेतलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य मोठ्या जनावराच्या कोठीपोटात (चारा आंबवणाऱ्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) बऱ्यापैकी निष्प्रभ होतं. लहानग्याचं कोठीपोट अजून चालू झालेलं नसतं, म्हणून ते हृदयावर येतं. मग सोयाबीन पेंड आणि भरडलेला मका घेतला. धान्य आंबून जे ब्युटिरिक आम्ल तयार होतं, त्यानंच कोठीपोटाच्या आतले अंकुर वाढतात. नुसत्या कडब्यानं पोट सुटतं, अंकुर येत नाहीत. आणि दहाव्या-बाराव्या दिवशी जंताचं औषध चुकवू नका, पारडात गोलकृमी आईच्या दुधातूनच येतात.

वजनकाटा प्रत्येक गोठ्यात न्यायला जमत नाही. टेप ठेवा: छातीचा घेर इंचात, त्याचा वर्ग, गुणिले अंगाची लांबी (तीही इंचात), भागिले ६६०, उत्तर किलोत. अंदाजच आहे, पण दर वेळी त्याच माणसानं, सकाळी चारापाण्याआधी मोजलं तर चालतो.

वेळापत्रकाबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हशी बहुतेक पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या तोंडावर वितात. संशोधनाचा आराखडा मंजूर व्हायला डिसेंबर उजाडला की वर्ष गेलं. शिवाय तुमची नोंदीतली पारडं शेतकरी मध्येच बाजारात नेतो. विचारलं तर म्हणतो, “पोरीनं लगीन व्हतं.” त्याच्यावर काय चिडणार? म्हणून हवीत त्याच्या दुप्पट पारडांनाच बिल्ले मारून ठेवा.