पाळीतील पोटदुखी : गोळी, शेक आणि दुखणे अंगावर काढणे – या चुका टाळा

पोट असह्य दुखू लागेपर्यंत गोळी घ्यायची नाही ही रीत अनेक घरांत पाळली जाते, आणि ‘मला गोळीने काही फरकच पडत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हीच रीत असते. पाळी येताना गर्भाशयाचे आतले अस्तर सुटू लागते, तेव्हा त्यातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू जोराने आवळले जातात, तेवढ्या काळापुरता त्यांचा रक्तपुरवठा कमी होतो आणि ओटीपोटात कळ येते. पाळीबरोबर येणारी मळमळ आणि जुलाबही बहुधा याच द्रव्यांमुळे होतात. मेफेनॅमिक अ‍ॅसिड, आयब्युप्रोफेन, नॅप्रॉक्सेन ही औषधे या द्रव्यांची निर्मिती रोखतात, पण जी आधीच तयार झाली आहेत ती नाहीशी करत नाहीत. त्यामुळे सकाळी कळा सुरू झाल्या असताना दुपारपर्यंत दात-ओठ खाऊन सोसायचे आणि मग गोळी घ्यायची, याचा अर्थ औषधाचे निम्मे काम आपणच बिघडवून ठेवायचे.

ज्यांना दर महिन्याला त्रास होतो त्यांनी दुखण्याची पहिली चाहूल लागताच किंवा रक्तस्राव सुरू होताच पहिली गोळी घ्यावी, आणि पाळी नियमित असेल तर आदल्या दिवशीच सुरुवात करावी का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. दुसरी चूक याच चुकीला जोडलेली आहे: एक गोळी घ्यायची, बरे वाटले की थांबायचे आणि दुखणे परतले की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. या द्रव्यांचा जोर पहिल्या दोन दिवसांत सर्वाधिक असतो, म्हणून ते दोन-तीन दिवस ठरावीक अंतराने, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि काहीतरी खाऊन गोळी घ्यावी लागते. कॉलेजची किंवा लोकलची वेळ गाठायची म्हणून रिकाम्या पोटी फक्त चहाबरोबर गोळी घेतल्यास जळजळ होते आणि दोष औषधावर जातो. अर्धी पोळी किंवा वाटीभर दूधभात पोटात असला तरी पुरते.

आपल्याकडे ‘पाळीची गोळी’ मेडिकलमधून दोन-चार नगांनी कापून आणली जाते. कापलेल्या तुकड्यावर अनेकदा ना औषधाचे नाव राहते, ना मुदतीची तारीख. मग तासाभराने बरे वाटले नाही की घरातली अंगदुखीची दुसरी गोळी घेतली जाते. पहिलीत मेफेनॅमिक अ‍ॅसिड आणि दुसरीत आयब्युप्रोफेन असेल, तर एकाच जातीची दोन औषधे एकत्र पोटात जातात. त्यामुळे आराम फारसा वाढत नाही, जठराला आणि मूत्रपिंडाला होणारा धोका मात्र वाढतो. पाळीसाठी सर्रास मिळणाऱ्या अनेक गोळ्यांत मेफेनॅमिक अ‍ॅसिडसोबत डायसायक्लोमिन हे पेटके सैल करणारे औषधही असते, ज्याने तोंड कोरडे पडते, झोप येते आणि काहींना अंधुक दिसते. म्हणून ती घेऊन दुचाकी चालवताना जपावे. अख्खी स्ट्रिप घ्यावी आणि मागचे घटक वाचावेत, इतकी साधी सवय पुष्कळ त्रास वाचवते.

जठरव्रण, मूत्रपिंडाचा विकार, वेदनाशामकांनी बळावणारा दमा किंवा रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असेल, तर या गोळ्या डॉक्टरांना न विचारता घेऊच नयेत. पावसाळ्यात ताप आणि पाळी एकदमच आली आणि डेंग्यूची शंका असेल, तर तापावर आणि दुखण्यावर पॅरासिटामॉलच वापरावे, कारण ही इतर वेदनाशामके रक्तस्रावाचा धोका वाढवतात. एरवी पाळीच्या दुखण्यावर पॅरासिटामॉल त्यांच्यापेक्षा कमी पडते. मेफेनॅमिक अ‍ॅसिडमुळे क्वचित ताप, अंगभर पुरळ आणि अंतर्गत अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया उमटू शकते, याबाबत औषधांच्या दर्जावर आणि दुष्परिणामांवर लक्ष ठेवणाऱ्या इंडियन फार्माकोपिया कमिशन या सरकारी संस्थेने २०२३ च्या अखेरीस सावध केले होते. हे विरळा आहे, घाबरून औषध टाकण्याचे कारण नाही. मात्र गोळी सुरू केल्यावर पुढच्या काही आठवड्यांत असे पुरळ उठले तर ती लगेच थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

शेक ही आजीने सांगितलेली गोष्ट म्हणून तिला दुय्यम समजू नये. ओटीपोटावर सुमारे ४० अंश सेल्सिअसची ऊब तासन्‌तास राहिली तर ती आयब्युप्रोफेनच्या तोडीचा आराम देऊ शकते, असे अभ्यासात दिसले आहे. ऊब सौम्य आणि सलग हवी, आणि नेमके तिथेच चुकते. उकळते पाणी ओतून गच्च भरलेली रबराची पिशवी दहा मिनिटे सोसायची आणि मग बाजूला ठेवायची, यात कातडी भाजते आणि दुखणे तसेच राहते. पाणी उकळते नसावे, पिशवी दोन-तृतीयांश भरावी, टोपण लावण्यापूर्वी आतली हवा दाबून काढावी आणि पिशवी टॉवेलात गुंडाळूनच पोटावर ठेवावी. रबर ताठर झाले असेल किंवा तडे दिसत असतील तर ती टाकून द्यावी. रोज कडक शेक घेतल्याने पोटावर जाळीसारखे तपकिरी डाग उठले, तर तेवढी उष्णता त्वचेला सोसत नाही असे समजावे.

आल्याचा उपयोग होतो असे काही छोट्या अभ्यासांत आढळले आहे. ओवा, शेपा, गूळ यांनी बरे वाटत असेल तर अवश्य घ्यावेत, फक्त त्यांच्या भरवशावर गोळीची वेळ टाळू नये. व्यायामाचा गुण दुखत्या दिवशी एकदाच चालून येत नाही, महिनाभर आठवड्यातून तीनदा पाऊण-एक तास अंग हलवल्याने येतो.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे दुखणे अंगावर काढणे. ‘लग्न झाले की थांबेल’ या आश्वासनावर मुलींची वर्षे जातात आणि त्यातल्या काहींना प्रत्यक्षात एंडोमेट्रिओसिस असतो, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढलेल्या असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के स्त्रियांना हा आजार आहे. पाळीआधी कित्येक दिवस दुखणे, संबंधाच्या वेळी किंवा शौचाला होताना वेदना, दरवर्षी वाढत जाणारा त्रास, तिशीनंतर नव्याने सुरू झालेले दुखणे, अतिरक्तस्राव, यांपैकी काहीही असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावे. पाळी चुकलेली असताना एका बाजूला तीव्र कळ येऊन चक्कर आली किंवा दुखण्याबरोबर ताप आणि दुर्गंधी स्राव असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

वेळेवर आणि नीट घेतलेल्या गोळीने सलग तीन पाळ्यांत फरक पडला नाही, तर ब्रँड बदलत न बसता तपासणी करून घ्यावी. हार्मोनच्या गोळ्या किंवा हार्मोनयुक्त तांबी हे पुढचे उपाय अविवाहित मुलींनाही वैद्यकीय सल्ल्याने चालतात. जाताना दुखण्याच्या तारखा, घेतलेल्या गोळ्यांची नावे आणि वेळा लिहून न्याव्यात. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून परत पाठवले गेले, तरी साध्या सोनोग्राफीत एंडोमेट्रिओसिस पुष्कळदा दिसत नाही हे लक्षात ठेवून दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घ्यावे.