हात धुतलेलं पाणी परसबागेला

शाळेत पर्यावरणासाठी काही करायचं म्हटलं की आधी वृक्षारोपणच सुचतं. जुलैत रोपं लागतात, फोटो निघतात आणि मे महिन्याच्या सुट्टीत निम्मी पाण्यावाचून वाळतात. फार वाईट वाटतं ते बघून. म्हणून आधी पाण्याची सोय बघा, मग रोपं.

पोषण आहाराच्या वेळी मुलं नळावर हात आणि ताटं धुतात. 100 मुलांनी प्रत्येकी एकच लिटर वापरलं, तरी रोज 100 लिटर पाणी होतं. एरवी ते शाळेमागे साचून डास होतात. मोरीच्या तोंडाशी जाळी बसवा, म्हणजे भाताची शितं तिथेच अडकतील. ती रोज काढून कंपोस्टच्या खड्ड्यात टाका. पुढे दोन फूट खोल खड्डा घ्या. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर खडी, वर जाड वाळू. तिथून चर काढून पाणी केळी, पपई, कर्दळीला द्या. वाळू अधूनमधून धुतली नाही तर खड्डा तुंबतो.

साबणाचं पाणी मेथी-कोथिंबिरीला मात्र घालू नका. तिच्यासाठी तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी वेगळ्या बादलीत ठेवायला स्वयंपाक करणाऱ्या ताईंना सांगा.

सुट्टीसाठी प्रत्येक रोपाशेजारी भाजलेलं, पण रंग किंवा झिलई नसलेलं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरा आणि त्यावर झाकण ठेवा. पाणी हळूहळू मुळांशी झिरपतं. शाळेजवळ राहणाऱ्या मुलांनी दोन-चार दिवसांनी ते भरायचं. पाळ्या सुट्टी लागण्याआधीच फळ्यावर लिहून ठरवा.