फिरते घर करण्यासाठी जुनी बस निवडताना

जुनी बस घ्यायची, तिच्यात कायमचे राहायचे आणि तिच्यातूनच देश फिरायचा, असे ठरवलेला ग्राहक बहुधा प्रथम इंजिनाकडे वळतो आणि विकणाराही इंजिनाचा आवाज ऐकवण्यातच उत्साह दाखवतो. गोव्यात हा क्रम बदलावा लागतो. येथे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, किनारपट्टीवर खारी हवा बाराही महिने असते आणि या दोहोंनी बसचा सांगाडा खाल्ला असेल, तर उत्तम इंजिनाचाही उपयोग उरत नाही. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येते, गिअरबॉक्स दुसरा बसवता येतो. पण आतून कुजलेला सांगाडा दुरुस्त करण्याचा खर्च अनेकदा बसच्या किमतीच्या वर जातो. म्हणून आधी पत्रा, मग कागद आणि शेवटी इंजिन पाहावे.

पत्रा पाहण्याचा योग्य काळ पावसाळा हा आहे. एप्रिल-मेमध्ये खड्ड्यांत लांबी (पुट्टी) भरून नवा रंग दिलेली बस देखणी दिसते. तीच बस जुलैत पाहिली, तर खिडक्यांच्या रबराखालून, टपावरच्या जोडांतून आणि मागच्या काचेभोवती पाणी कोठे शिरते ते विचारावेही लागत नाही. पावसाळ्यापर्यंत थांबणे शक्य नसेल, तर निदान पाण्याचा पाइप टपावर अर्धा तास सोडून आत बसून राहावे. त्यानंतर बसखाली शिरावे. चॅसिसच्या (बसच्या तळाच्या सांगाड्याच्या) दोन लांब पट्ट्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, पाटे (चाकांवरच्या स्प्रिंगा) जेथे अडकवलेले असतात ते ब्रॅकेट, चाकांवरच्या कमानी, फूटबोर्ड आणि बॅटरीची पेटी या ठिकाणी लहान हातोडीने ठोकून पाहावे: निरोगी लोखंड खणखणीत वाजते, तर कुजलेले बद्द वाजते किंवा खपल्या टाकते. खालून नुकताच जाड काळा रंग फासलेला दिसला, तर संशय घेण्यास पुरेसे कारण आहे. आत सीटखालचे रबर उचलून प्लायवूडला स्क्रू ड्रायव्हर टोचावा आणि छताचे किमान एक पॅनेल उघडून वरच्या कमानी पाहाव्यात. विकणारा एवढेही करू देत नसेल, तर पुढे बोलणी करण्यात अर्थ नाही. बस रात्री कोठे उभी राहत असे, हेही अवश्य विचारावे. कळंगुट किंवा कोलवा येथे समुद्रालगत मुक्काम करणाऱ्या बसपेक्षा फोंडा, सांगे, वाळपई या समुद्रापासून दूरच्या भागांतील बस मी आधी पाहीन.

बसने आजवर कोणते काम केले, यावरूनही बरेच कळते. पणजी–म्हापसा किंवा पणजी–मडगाव अशा मार्गांवरच्या खासगी बसेस दिवसभर थांबत-सुटत धावतात, त्यामुळे त्यांचा क्लच, ब्रेक आणि गिअर लवकर झिजतात. वेर्णा, कुंडई येथील कारखान्यांत कामगारांची ने-आण करणाऱ्या बसेस आणि शाळांच्या बसेस दिवसातून मोजक्याच फेऱ्या मारतात. माझा कल या दुसऱ्या प्रकाराकडे आहे, मात्र शाळेची बस सुट्टीत महिनोन्‌महिने एकाच जागी उभी असते, हे लक्षात ठेवून तिच्या टायरवरचा चार अंकी आकडा वाचावा. ‘२३१९’ असे असेल, तर तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला आहे. नक्षी शिल्लक दिसली तरी जुना टायर लांबच्या प्रवासाला चालत नाही.

आकाराबाबत मोह टाळावा. बारा मीटरची पर्यटक बस प्रशस्त असते, पण गोव्यातल्या वाड्यांवरचे अरुंद रस्ते, खाली आलेल्या फांद्या व विजेच्या तारा आणि फेरीबोटीची जागा यांचा विचार केला, तर दोघांसाठी सात-आठ मीटरची बस सोयीची ठरते. आणखी एक फायदा असा की, एकूण भारित वजन ७,५०० किलोपर्यंत असलेली बस हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते. त्यापुढे जड वाहनाचा परवाना लागतो. हा आकडा आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) वाचावा, अंदाजाने ठरवू नये. आतली मापे घेताना जमिनीच्या, छताच्या आणि भिंतींच्या उष्णतारोधक थराची जाडी वजा करावी, कारण रिकाम्या बसमध्ये ताठ उभा राहणारा माणूस काम पूर्ण झाल्यावर वाकून वावरू लागतो. पलंग आडवा बसणार की उभा, तेही याच मापांवर ठरते. बसच्या इंजिनावर चालणारा एसी मोठा गुण म्हणून दाखवला जातो, पण इंजिन बंद असताना त्याचा काहीच उपयोग नसतो. राहत्या घराला सरकत्या खिडक्या अधिक उपयोगी पडतात.

आता कागद. आरसीवरचा चॅसिस आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष क्रमांकाशी ताडून पाहावा, बँकेचा बोजा उतरल्याचा दाखला मागावा आणि थकलेला रस्ताकर व प्रलंबित दंड तपासावा. आठ वर्षांवरील व्यावसायिक वाहनाला दरवर्षी पासिंग (योग्यतेची तपासणी) करावे लागते, म्हणून चालू योग्यता प्रमाणपत्राशिवाय बस घेऊ नये. महाराष्ट्र किंवा कर्नाटकातील बस असेल, तर ना हरकत दाखला लागतो आणि ती १२ महिन्यांहून अधिक काळ गोव्यात ठेवायची असल्यास येथे नव्याने नोंदणी करावी लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, प्रवासी बसचे राहते वाहन करणे हा मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येणारा बदल आहे. त्यासाठी नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते, म्हणून इसार देण्यापूर्वीच वाहतूक खात्याच्या कार्यालयात जाऊन त्या विशिष्ट मॉडेलबाबत विचारणा करावी. सीट काढून सुतारकाम झाल्यानंतर हा प्रश्न विचारणे फार महागात पडते.

इंजिन थंड असताना पाहावे. आधीच गरम करून ठेवलेली बस दाखवली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जावे. सुरू झाल्यावर टिकून राहणारा निळा धूर ऑइल जळत असल्याचे आणि काळा धूर डिझेल नीट जळत नसल्याचे सुचवतो. ऑइलचे झाकण उघडल्यावर जोराने वाफारा येत असेल, तर इंजिन बांधण्याचा खर्च किमतीतून वजा करूनच घासाघीस करावी. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक मानकांच्या) बसेसना बिघाड शोधण्यासाठी स्कॅनर लागतो, तर यांत्रिक इंधनपंपाच्या जुन्या बसेस बहुतेक गावांत दुरुस्त होतात. मात्र दिल्ली परिसरात जुन्या डिझेल वाहनांवर निर्बंध आहेत, हे उत्तरेकडे जाणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

शेवटची परीक्षा घाटात घ्यावी. साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढताना तापमानाचा काटा स्थिर राहतो का आणि उतरताना गिअर निसटतो का, ते पाहावे. एअर ब्रेक असतील, तर इंजिन बंद करून सपाट जागी चाकांखाली ठोकळे लावावेत, ब्रेक दाबून धरावा आणि दाबाचा काटा हळूहळू खाली येतो का, ते पाहावे. या फेरीला ओळखीचा मेकॅनिक सोबत न्यावा, पण तो विकणाऱ्याने सुचवलेला नसावा. सगळे पटले, तरी रकमेचा काही भाग नाव बदलून आरसी हातात येईपर्यंत राखून ठेवावा आणि तसे करारात लिहून घ्यावे.