शास्त्रीय नाव लिहिताय? निदान या चुका तरी टाळा

पाऊस लागला की नाशिकजवळच्या अंजनेरी डोंगराच्या वाटेवर वह्या घेतलेली नवी मंडळी भेटू लागतात. उत्साह उतू जात असतो. संध्याकाळी खाली उतरतात तेव्हा वहीत चाळीस शास्त्रीय नावं असतात, आणि निम्म्यांवर मला लाल पेन चालवावं लागतं. दरवर्षी चुकाही त्याच.

'अशोक' लिहिलं की झालं, असं समजणं

ही चूक माझी स्वतःची आहे, म्हणून सविस्तर सांगतो. गंगापूर रोडच्या एका सोसायटीला आवारात 'पंचवटी' करायची होती: वड, पिंपळ, बेल, आवळा, अशोक. यादी मी केली, मराठीतच केली. म्हटलं, नाशकात पंचवटीची झाडं कुणाला समजावून सांगायची! रोपवाटिकेचा टेम्पो आला तेव्हा मी गावाला गेलो होतो. परत आलो तर खड्डे बुजवून, आळी करून सगळं तयार. अशोकाच्या जागी उभी होती ती शाळांच्या कुंपणाशी असतात तसली सरळसोट, खाली झुकलेल्या पानांची झाडं. रोपवाटिकेची तरी काय चूक? अर्धं शहर त्यालाच अशोक म्हणतं. दोन वर्षांनी एका आजींनी विचारलं, "अहो, याला केशरी फुलं कधी यायची?" मी कामाचं निमित्त काढून सटकलो.

केशरी फुलांचा तो सीतेचा अशोक, म्हणजे सराका असोका. तो शेंगांच्या कुळातला, चिंचेच्या भावकीतला. टेम्पोतून आलेला हिरवा अशोक सीताफळाच्या कुळातला. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, फक्त हाक एक.

पुढच्या वेळी मी शहाणपणा केला आणि घरातल्या जुन्या पुस्तकातून शास्त्रीय नाव उतरवून दिलं: सराका इंडिका. तेही चुकलं! सराका इंडिका हा आग्नेय आशियातला वेगळा अशोक. आपल्या झाडाला ते नाव कित्येक वर्षं चुकून चिकटलं होतं आणि औषधी वनस्पतींच्या जुन्या पुस्तकांत ते अजून सापडतं. तेव्हापासून माझ्या वहीत चार रकाने असतात: गावात काय म्हणतात, शास्त्रीय नाव, कूळ, आणि झाड कुठे पाहिलं. कुळाचा रकाना सगळ्यांना फालतू वाटतो. पण त्या टेम्पोच्या पावतीवर कूळ लिहिलेलं असतं तर मी वाचलो असतो.

ब्राह्मी आणि शंखपुष्पीचंही हेच. शंखपुष्पी म्हणून कुणी विष्णुक्रांता दाखवतं, कुणी थेट गोकर्ण. औषधासाठी विचारत असाल तर नुसत्या मराठी नावावर विसंबू नका.

नाव बदललं म्हणून चिडणं

"सर, हे शास्त्रज्ञ रोज नावं बदलतात, पाठ कशाला करायची?" पाठ करूच नका, पण नाव का बदललं ते विचारा. हिरव्या अशोकाचं जुनं नाव पॉलिअल्थिया लॉन्जिफोलिया, नवं मोनून लॉन्जिफोलियम. एका मुलाने शेवटचा 'यम' खोडून पुन्हा 'या' केला. त्याला ती छपाईची चूक वाटली. पहिला शब्द स्त्रीलिंगीचा नपुंसकलिंगी झाला की दुसऱ्यानेही रूप बदलायचं. 'मोठी वेल' आणि 'मोठं झाड' म्हणताना आपण दुसरं काय करतो?

तुळशीचं तर आणखी सरळ. ओसिमम टेन्युइफ्लोरम हे नाव दोन शब्दी नावांची पद्धत रुळवणाऱ्या लिनियसने १७५३ साली दिलं आणि ओसिमम सँक्टम १७६७ साली. दोन्ही त्याचीच, झाड एकच. आधीचं नाव धरायचं हा नियम, म्हणून पवित्र अर्थाचं नाव मागे पडलं.

बाभळीची गोष्ट मात्र मलाही लागली. अकेशिया या मोठ्या गोतावळ्याचे तुकडे पडले, तेव्हा मूळ नाव कुणाकडे ठेवायचं याचा वाद २००५ च्या व्हिएन्नातल्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेत गेला. ऑस्ट्रेलियात या गटाच्या हजाराच्या आसपास जाती. तेवढी नावं बदलण्यापेक्षा नाव त्यांच्याकडेच राहू दे, असं ठरलं. आपली बाभूळ वॅचेलिया निलोटिका झाली आणि खैर सेनेगालिया कटेचू. निर्णय व्यवहाराचा होता हे पटतं, तरी वहीत बाभळीपुढे मी अजून कंसात जुनं नाव लिहितो.

बाकीच्या भराभर

जाती आणि प्रजाती यांची अदलाबदल. शाळेच्या पुस्तकात प्रजाती मोठी, जाती तिच्या पोटात. बातमीत 'बिबट्याची प्रजाती' वाचलं की मी पेपर बाजूला ठेवतो. पँथेरा या प्रजातीत बिबट्याबरोबर वाघ, सिंह, जॅग्वार आणि हिमबिबट्याही येतात.

जातीला इंग्रजीत स्पीशीज म्हणतात; 'एक स्पेसी' असं काही नसतं. एक असो की दहा, स्पीशीजच.

रोमन लिपीत लिहिताना पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर मोठं, दुसरा शब्द पूर्ण लहान, मग तो गावाच्या नावावरून का असेना. सेरोपेजिया अंजनेरिका या कंदीलपुष्पाच्या नावातला 'अंजनेरिका' अंजनेरीवरूनच आलाय, तरी लहान अक्षराने सुरू होतो. हाताने लिहाल तेव्हा दोन्ही शब्दांखाली वेगवेगळी रेघ. देवनागरीत मोठं-लहान अक्षर नाही, म्हणून वहीत नाव एकदा तरी रोमनमध्ये लिहाच.

द्राक्षांतले थॉमसन आणि शरद सीडलेस या जाती नव्हेत, शास्त्राच्या अर्थाने तर नाहीतच. दोन्ही व्हायटिस व्हिनिफेराचीच वाणं. गंमत म्हणजे ज्यावर त्यांचं कलम करतात तो बागेतला डॉगरिजचा खुंट त्या जातीचा नसतो. एकाच वेलाला जमिनीलगत एक नाव आणि मांडवावर दुसरं!

मोबाईलने फोटोवरून सांगितलेलं नाव थेट वहीत उतरवणं हा तर आळसच. एका फुलाचा फोटो काढून मोकळं व्हायचं नाही. पानाची मागची बाजू, खोड, फळ, सगळं टिपा. ॲपने दिलेलं नाव मी पेन्सिलने लिहितो. आणि दुर्मीळ कंदीलपुष्प दिसलं तर जागा कुणाला कळवू नका, कंद उकरणारे टपलेले असतात.

नाव येत नसेल तर प्रजाती लिहून पुढे 'एसपी.' (स्पीशीजचं लघुरूप) लिहावं. त्यात कमीपणा नाही. माझ्या वहीत अंजनेरीच्या एका वेलासमोर कित्येक पावसाळे 'सेरोपेजिया एसपी.' एवढंच आहे. मी जातो तेव्हा त्याला एकतर कळी असते, नाहीतर शेंग.