अंडे थेट कढईत फोडू नये
कोशेर, म्हणजे ज्यू धर्मातील आहाराच्या, नियमांनुसार रक्ताचा ठिपका असलेले अंडे खाल्ले जात नाही, आणि असे एखादे अंडे बाकीच्यांत थेट फोडले गेले तर सगळेच टाकून देण्याची पाळी येते. म्हणून प्रत्येक अंडे आधी काचेच्या पारदर्शक पेल्यात फोडावे, पेला उचलून खालूनही पाहावे आणि स्वच्छ असेल तरच ते भांड्यात ओतावे. गावठी अंडी फलित असण्याची शक्यता अधिक असल्याने तेथे हे कटाक्षाने करावे. उकडायच्या अंड्यांत मात्र डोकावता येत नाही. ती निदान तीन एकत्र उकडण्याची जुनी रीत मला फार विचारपूर्वक घातलेली वाटते, कारण एखादे सदोष निघाले तरी बहुसंख्या निर्दोष अंड्यांचीच राहते आणि त्यामुळे बाकीची टाकावी लागत नाहीत. ठिपका आढळल्यास तो नुसता काढून न टाकता संपूर्ण अंडेच टाकावे आणि पेला लगेच थंड पाण्याने धुवावा.