न्यू साऊथ वेल्समध्ये रेडफिन पर्च गळाला लागल्यास काय करावे

ऑस्ट्रेलियात ज्यांना पर्च म्हणतात, त्यांतले बहुतेक स्थानिक मासे खऱ्या पर्च कुळातले, म्हणजे पर्सिडी कुळातले नाहीतच. हे कूळ मूळचे युरोप, उत्तर आशिया आणि उत्तर अमेरिकेतले. त्यातला रेडफिन १८६० च्या दशकात केवळ गळाच्या हौसेखातर टास्मानिया आणि व्हिक्टोरियात आणून सोडला गेला. आज न्यू साऊथ वेल्समध्ये तो उपद्रवी ठरला असून जिवंत रेडफिन बाळगणे, विकणे किंवा दुसरीकडे नेणे बेकायदेशीर आहे.

प्रथम ओळख पटवावी, कारण संकटग्रस्त आणि संरक्षित असलेला मॅक्वारी पर्च चुकून मारला जाता कामा नये. रेडफिनच्या पाठीवर दोन सुटे पर असतात. पहिला काटेरी असतो आणि त्याच्या मागच्या टोकाशी काळा डाग दिसतो. पोटाखालचे पर तांबडे-नारिंगी आणि अंगावर गडद उभे पट्टे असतात खरे, परंतु मोठ्या माशात पट्टे फिकट होतात, म्हणून रंगापेक्षा पाठीच्या परांवर भरवसा ठेवावा. मॅक्वारी पर्चचा पाठीवरचा पर सलग असून त्याला मधे फक्त खाच असते. शंका उरल्यास मासा ताबडतोब पाण्यात सोडावा.

रेडफिनची खात्री पटल्यावर मात्र तो परत सोडू नये. कल्ल्यांच्या झाकणावरचा अणकुचीदार काटा हाताला लागणार नाही अशा बेताने ओल्या फडक्यात धरून, डोळ्यांच्या किंचित मागे डोक्यावर एकच जोरदार फटका मारावा. तडफडत ठेवणे क्रूरपणाचे आहे. वसंतात पाणवनस्पतींवर जाळीदार, चिकट फितीसारखी अंडी आढळली, तर जागेची नोंद करून मत्स्य विभागाला कळवावे.

हा मासा लहान स्थानिक मासे व त्यांची पिल्ले खातोच, शिवाय ईएचएन नावाचा विषाणू पसरवतो, ज्यापासून मॅक्वारी पर्चला मोठा धोका आहे. हा विषाणू गोठवलेल्या माशातही टिकतो. त्यामुळे रेडफिनचे तुकडे आमिष म्हणून वापरू नयेत, आतडी पाण्यात टाकू नयेत, आणि दुसऱ्या तलावावर जाण्यापूर्वी जाळे, बूट व बादली धुऊन पूर्ण वाळवावी. शेततळ्यात हौसेने मासे सोडणाऱ्यांनी तर विशेष जपावे, कारण पावसात तळे भरून वाहिले की मासे थेट नदीला मिळतात.

मारलेला रेडफिन खाण्यास उत्तम असतो. खवले घट्ट व खरखरीत असल्याने ते काढत बसण्यापेक्षा कातडीच सोलून काढावी; पांढऱ्या मांसाचे तुकडे रवा लावून तळण्याजोगे निघतात.