गोधडीच्या निमित्ताने

आमच्याकडे दर मंगळवारी दुपारी दोन ते चार या वेळेत बायका गोधड्या शिवतात. मार खाल्लेल्या बायकांचा गट, असं कुठेही लिहिलेलं नाही. असा गट सुरू करणार असाल तर तुम्हीही लिहू नका. "गोधडी शिवायला जाते" हे घरी सांगता येतं.

सतरंजी अशी अंथरा की भिंतीला पाठ टेकून दाराकडे बघत बसता येईल. मागून कुणी आलं की दचकणाऱ्या असतात. आधी चहा, मग सुई. जुनी लुगडी, साड्या जिच्या तिने आणाव्यात, पण लग्नातली साडी आणा असं चुकूनही म्हणू नका. मी एकदा म्हटलं. ती बाई तीन आठवडे फिरकलीच नाही. मग आपणहून घेऊन आली, हातानेच टराटरा फाडली आणि काठ तेवढा कडेला लावला.

धावदोरा सगळ्यांना येतो. वाकडा पडला तर उसवायला लावू नका. नजर कापडावर असली की बोलणं सोपं जातं. खोदून विचारू नका, "हं" पुरे. कुणी ओवी धरली तर साथ द्या. रडू फुटलं तर तांब्या सरकवा. पाठीवर हात ठेवायचा तर आधी विचारा. फोटो नाही म्हणजे नाही, देणगीदार आले तरी.

आपण डॉक्टर नाही, वकीलही नाही. १८१ ही महिला हेल्पलाइन आणि घरगुती हिंसेच्या तक्रारी बघणाऱ्या संरक्षण अधिकाऱ्यांचा नंबर मी सुयांच्या डबीच्या झाकणात आतून चिकटवलाय. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने राहत्या घरात राहायचा हक्क मिळतो, हे बऱ्याच जणींना इथेच कळतं. जिवाला धोका वाटला तर गोधडी बाजूला, आधी ११२ या तातडीच्या मदतीच्या नंबरला फोन.